हीट बॅलन्स जुळत नाहीये, आणि इतर भानगडी: केमिकल इंजिनिअरिंगवर वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी केमिकल इंजिनिअरिंगवर एकच प्रश्न घेतला होता, त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी सगळा कॉलमच त्याला दिलाय. बहुतेकांचं म्हणणं एकच, पुस्तकात कळतं पण लॅबमध्ये गेलं की काहीच जुळत नाही. सहा पत्रं निवडलीयेत, थोडी कापून.

प्रश्न: मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला आहे. हीट ट्रान्सफरच्या लॅबमध्ये डबल पाइप हीट एक्स्चेंजरचं (एकात एक बसवलेले दोन पाइप, एकातून गरम पाणी, दुसऱ्यातून गार) प्रॅक्टिकल केलं. गरम पाणी ६० डिग्रीवरून ५२ ला आलं, फ्लो मिनिटाला ४ लिटर. गार पाणी २८ वरून ३३ ला गेलं, फ्लो ८ लिटर. हिशोब केला तर गरम पाण्याने दिले २.२३ किलोवॉट आणि गार पाण्याने घेतले २.७९. जास्तीचे आले कुठून? परत परत कॅल्क्युलेटर मारला, तेच येतंय. सिनियर्सच्या जर्नलमध्ये सगळ्यांचं मस्त जुळलंय. पार्टनर म्हणतो तेच आकडे टाकू, कोण बघतंय. टाकू का?

उत्तर: नको टाकूस. हे मी नीतिमत्तेचं लेक्चर म्हणून सांगत नाहीये, ते तुझं तू बघ. मला वाईट वाटतंय ते याचं की इतकं भारी प्रॅक्टिकल हाताशी आलंय आणि तू ते टाकून सिनियरचं शिळं घ्यायला निघालीयेस. गरम पाण्याने जेवढं दिलं त्याच्यापेक्षा गार पाण्याने पंचवीस टक्के जास्त घेतलं असं होऊच शकत नाही, म्हणजे चार थर्मामीटर आणि दोन रोटामीटर (फ्लो दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या) यांच्यापैकी कोणीतरी खोटं बोलतंय, आणि कोण ते शोधायचं काम आता तुझं.

पहिला संशय सगळ्यांचा जातो तो खोलीवर. गार पाणी बाहेरच्या पाइपातून जात असेल आणि खोली त्याच्यापेक्षा गरम असेल तर बाहेरून थोडी उष्णता येते हे खरंय. पण "थोडी" म्हणजे किती ते काढ ना. पाइपचा बाहेरचा पृष्ठभाग समज अर्धा चौरस मीटर, उघड्या हवेचा हीट ट्रान्सफर कोइफिशंट (दर चौरस मीटरला, दर डिग्रीला किती वॉट जातात तो आकडा) धर दहाच्या आसपास, तापमानाचा फरक पाच डिग्री, गुणाकार केला की आले २५ वॉट. तुझा घोळ आहे ५६० वॉटचा. खोली सुटली. (व्हायवाला "हीट लॉस टू सराउंडिंग" हे उत्तर ठोकून देणाऱ्या पोरांना मी नेहमी विचारते, किती वॉट? आणि लॉस असेल तर गार पाण्याला जास्त कसं मिळालं? शांतता.)

आता थर्मामीटर. तुझे सगळे आकडे पूर्ण डिग्रीत आहेत, म्हणजे प्रत्येक रीडिंगमध्ये अर्धा डिग्री इकडे तिकडे धरायलाच पाहिजे. गार पाण्याचा फरक पाच डिग्री, त्यात दोन थर्मामीटरचा मिळून एक डिग्रीपर्यंत घोळ होऊ शकतो, म्हणजे वीस टक्के. २.७९ मधून वीस टक्के काढ. २.२३ येतात! म्हणजे नशीब अगदीच खराब असेल तर तुझा सगळा फरक एकट्या थर्मामीटरमध्ये मावतो आणि तू ज्याला बिघाड समजतेयस तो नुसता मोजमापाचा ढिलेपणा असू शकतो. हे तपासायला पाच मिनिटं लागतात, चारही थर्मामीटर एकाच बादलीत बुडव, नीट ढवळ आणि बघ चौघं एकच आकडा दाखवतात का. नसतील दाखवत तर कोण किती चुकतोय ते लिहून ठेव, पुढच्या प्रॅक्टिकललाही कामी येईल.

मग रोटामीटर. काचेवर ८ लिहिलंय म्हणून ८ जातायत असं काही नाही. फ्लोट, म्हणजे नळीतला वर खाली होणारा तुकडा, कुठल्या कडेला वाचायचा हे मेकप्रमाणे बदलतं, आत शेवाळ धरतं, आणि कधी कधी तो रोटामीटर मुळात दुसऱ्याच द्रवासाठी कॅलिब्रेट केलेला असतो. बादली घे, स्टॉपवॉच घे, आउटलेटचं पाणी एक मिनिट गोळा कर आणि वजन कर. समज साडेसहा किलोच भरलं, तर गार बाजूची उष्णता होते २.२६ किलोवॉट, आणि घे, जुळलं की सगळं. पण जुळलं म्हणून तिथे थांबू नकोस, थर्मामीटर पण तपासच, दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात असंही होतं.

अजून एक. स्टेडी स्टेट येईपर्यंत थांबला होतात का? खरं सांग. बहुतेक बॅचेस हीटर लावतात, गप्पा मारतात, घड्याळ बघतात आणि दहा मिनिटांनी रीडिंग घेतात कारण मॅन्युअलमध्ये दहा मिनिटं लिहिलंय. दर दोन मिनिटांनी आउटलेटचं टेम्परेचर लिहा, सलग तीन चार आकडे सारखे आले की मग रीडिंग. आणि सुरू करताना एअर व्हेंट उघडून हवा काढून टाका, हवेचा फुगा अडकला की पाइपचा तेवढा भाग कामातून गेला.

पुढच्या वेळी सेटअपवर जायच्या आधीच विचार करून जा. गार पाण्याचा फ्लो ८ ऐवजी ३ ठेवलास तर त्याचं टेम्परेचर पाचऐवजी साधारण दहा डिग्री चढेल, आणि तोच अर्ध्या डिग्रीचा घोळ आता वीसऐवजी दहा टक्क्यांवर येईल. अर्थात फ्लो कमी केला की त्या बाजूचा कोइफिशंट पडणार, त्यामुळे किती कमी करायचा हे रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ आहे की खळबळता ते सांगणारा आकडा) काढून ठरव. व्हॉल्व्ह उघडायच्या आधी वहीत लिहायचं: मला आउटलेटला अमुक डिग्री अपेक्षित आहे. मग उघडायचा. हाताने शिकणं म्हणतात ते हेच, नाहीतर नुसतं मशीनजवळ उभं राहून कोणी काही शिकत नाही.

राहिलं सिनियर्सचं जर्नल. दरवर्षी सगळ्यांचं दशांशापर्यंत जुळतंय याचाच अर्थ काय तो समजून घे. खऱ्या रीडिंगला विस्कळीतपणा असतो आणि ज्यांनी आयुष्यभर डेटा बघितलाय त्यांना तो नसला की लगेच दिसतं. तू रिपोर्टमध्ये लिही की बॅलन्स २५ टक्क्यांनी चुकला, हे हे संशय होते, हे हे तपासलं, हे निघालं. मार्क कापले तर मला परत पत्र लिही, पण मला नाही वाटत कापतील.

प्रश्न: नमस्कार. मुलीला केमिकल इंजिनिअरिंगलाच जायचंय, केमिस्ट्री आवडते म्हणून. स्फोटाच्या बातम्या वाचून माझा जीव वर खाली होतो. शिवाय सगळीच कॉलेजं "प्रॅक्टिकल शिक्षण" म्हणून जाहिरात करतात. खरं कोण आणि खोटं कोण, आईबापांनी कसं ओळखायचं?

उत्तर: आधी केमिस्ट्रीचं बोलते. मुलीला स्पष्ट सांगा की या कोर्समध्ये केमिस्ट्री वाटते त्यापेक्षा कमी आहे आणि गणित, फिजिक्स, पाइप, पंप, उष्णता हे जास्त आहे. ही शाखाच मुळी तशी तयार झाली. १८८७ मध्ये जॉर्ज डेव्हिस नावाच्या माणसाने मँचेस्टरला बारा व्याख्यानं दिली, तो आधी रासायनिक कारखान्यांची तपासणी करत हिंडलेला होता, आणि त्याच्या लक्षात आलं होतं की माल वेगळा असला तरी कारखान्यांमधली कामं तीच तीच आहेत. गाळणं, सुकवणं, उकळवणं, मिसळणं. पुढे १९१५ मध्ये आर्थर लिटलने या कामांना युनिट ऑपरेशन्स म्हटलं, आणि १९१६ मध्ये एमआयटीने प्रॅक्टिस स्कूल काढलं, म्हणजे पोरांना थेट कारखान्यात पाठवायचं, तिथेच मुक्काम, तिथलेच खरे प्रश्न सोडवायचे आणि सोबत शिक्षकही तिथेच. कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनने त्याला पैसा दिला. ते प्रॅक्टिस स्कूल आजही चालू आहे. तेव्हा "हँड्स ऑन" ही काही नवीन फॅशन नाहीये, जाहिरातीत काहीही लिहोत.

आता भीतीचं. तुमची भीती मी खोडून काढणार नाही कारण ती बरोबर आहे, फक्त तिचा रोख कुठे असावा ते सांगते. १९ डिसेंबर २००७ ला अमेरिकेत फ्लोरिडामधल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज नावाच्या छोट्या कंपनीचा रिअॅक्टर फुटला, चार जण गेले, बत्तीस जखमी झाले, त्यातले बरेचसे तर आजूबाजूच्या जागांमधले. मालक दोघं, एक केमिस्ट आणि एक केमिकल इंजिनिअर, म्हणजे शिकलेली माणसं. रिअॅक्शन उष्णता सोडणारी होती, थंड करायची व्यवस्था एकच, ती बंद पडली तर दुसरी नाही. शिवाय तापमान एका मर्यादेच्या वर गेलं की आत दुसरीच एक रिअॅक्शन सुरू व्हायची जी पहिलीपेक्षा जास्त उग्र होती आणि ती त्यांना माहीतच नव्हती. तपासात असंही निघालं की सुरुवातीच्या काही बॅचमध्ये तापमान अनपेक्षितपणे चढलं होतं. इशारा मिळाला होता, नीट छडा लावला गेला नाही. वरच्या पत्रातल्या मुलीला मी जे एवढं पाल्हाळ लावून सांगितलं ना, न जुळणाऱ्या आकड्याच्या मागे लाग म्हणून, ते यासाठी.

यात छोट्या भांड्यातून मोठ्या भांड्यात जायचा एक साधा हिशोब आहे जो लॅबमध्ये हाताने बघितला की डोक्यात बसतो. एक लिटरच्या फ्लास्कमधली रिअॅक्शन हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये नेली तर लांबी रुंदी दहापट होते, बाहेरचा पृष्ठभाग शंभरपट, पण आतला माल हजारपट. उष्णता तयार होते मालाच्या हिशोबाने आणि बाहेर पडते पृष्ठभागाच्या हिशोबाने. म्हणजे फ्लास्कमध्ये जे आपोआप थंड राहात होतं ते मोठ्या भांड्यात थंड होण्याची सोय दहा पटीने कमी झाली. त्या अपघातानंतर चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने शिफारस केली की असे रिअॅक्शनचे धोके पदवीच्या अभ्यासक्रमातच शिकवा, आणि तिथल्या मान्यतेच्या निकषात प्रक्रियेतले धोके शिकवणं आलंसुद्धा. तुम्ही बघत असलेल्या कॉलेजात प्रोसेस सेफ्टी हा विषय आहे का, सक्तीचा आहे की ऐच्छिक, हे विचारा. ऐच्छिक असेल तर मला आवडणार नाही.

आणि लॅब बघायला जा. चकाचक लॅब बघून भुलू नका, उलट थोडी वापरलेली दिसू दे. खाली पाण्याचे डाग, व्हॉल्व्हच्या हँडलचा रंग उडालेला, पॅकिंग बदललेलं, भिंतीवर पोरांच्या अक्षरातलं लॉगबुक. प्लास्टिकचं कव्हर घातलेलं डिस्टिलेशन कॉलम (उकळवून द्रव वेगळे करणारा उंच मनोरा) दिसलं तर हे शेवटचं कधी चालवलं ते विचारा. एका सेटअपवर किती जण असतात ते विचारा, तीन चार ठीक, बाराजण असतील तर त्यातले नऊ फोन बघत असतात. आणि शिकवणाऱ्यांना नाही, तिथल्या पोरांना गाठून विचारा की शेवटचं काय बिघडलं होतं आणि ते दुरुस्त करताना तुम्ही तिथे होतात का. काहींचे चेहरे खुलतात या प्रश्नावर, तीन वेगवेगळे किस्से सांगतात. ते कॉलेज चांगलं. गॉगल, लॅबकोट आणि बंद बूट नसताना आत सोडतात का हेही दारातच कळेल.

प्रश्न: ताई, आमच्या ग्रुपमध्ये चार जण आहेत, मी एकटी मुलगी. दर प्रॅक्टिकलला मला म्हणतात तुझं अक्षर छान आहे, तू रीडिंग लिही. व्हॉल्व्ह, पंप सगळं तेच चालवतात. वाईट कोणीच नाहीये पण मला हातच लावायला मिळत नाही.

उत्तर: अक्षराचं कौतुक हा फार जुना सापळा आहे बाई. भांडू नकोस, कागद कर. पहिल्या पानावर चार कामं लिही: चालवणारा, रीडिंग घेणारा, लिहिणारा, आणि चौथा जो तिथल्या तिथे हिशोब करून ओरडतो की आकडा काहीतरी विचित्र येतोय. दर आठवड्याला एक घर पुढे सरकायचं. इन्स्ट्रक्टरची सही घे त्या कागदावर, मग तो नियम होतो आणि तुझी तक्रार राहात नाही. पोरांचाही फायदाच आहे, कारण चौथं काम कोणीच करत नाही आणि खरी मजा त्यातच आहे. तुझी पाळी आल्यावर पंप सुरू करायच्या आधी प्रायमिंग झालंय का, म्हणजे पंपात पाणी भरलंय का बघ, डिस्चार्ज (बाहेर जायच्या बाजूचा) व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू कर आणि मग हळूहळू उघड, सेंट्रिफ्युगल (फिरत्या चाकाने पाणी फेकणारा) असेल तरच हं. पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट (दर फेरीला ठरावीक माल ढकलणाऱ्या) पंपाला डिस्चार्ज बंद ठेवून कधीही सुरू करायचं नाही.

प्रश्न: मॅडम, मी डिप्लोमा करून सॉल्व्हंट रिकव्हरीच्या (वापरलेलं द्रावक शुद्ध करून परत मिळवायच्या) प्लांटवर ऑपरेटर म्हणून बरीच वर्षं काम केलं आणि आता नोकरी सांभाळून डिग्री करतोय. डिस्टिलेशन कॉलम मी झोपेत चालवू शकतो. पण वर्गात मॅकेब-थिलेचा ग्राफ आला की डोकं बंद. विशीतली पोरं पटापट पायऱ्या काढतात आणि मी बघत बसतो. लाज वाटते.

उत्तर: लाज त्या पोरांना वाटायला पाहिजे, त्यांना कॉलम फ्लड झाल्यावर, म्हणजे आत द्रव तुंबल्यावर, काय करायचं ते विचारा एकदा! बरं, कामाचं बोलू. तो ग्राफ १९२५ चा आहे, मॅकेब आणि थिले या दोघांनी काढला तेव्हा हाताशी कॉम्प्युटर नव्हता, पट्टी आणि पेन्सिल होती. तुम्ही रोज जे करता तेच त्यात चित्र काढून दाखवलंय, फक्त तुम्हाला कोणी तसं सांगितलं नाही. कर्व्ह सांगतो की उकळत्या द्रवात हलका माल इतका असेल तर वाफेत किती, ऑपरेटिंग लाइन सांगते की शेजारच्या ट्रेंमधून (कॉलममधल्या आडव्या ताटल्या) जाणाऱ्या वाफेत आणि द्रवात तो किती, आणि त्या दोघांमधली प्रत्येक पायरी म्हणजे एक ट्रे.

टॉपचं टेम्परेचर चढायला लागलं की तुम्ही काय करता? रिफ्लक्स वाढवता, म्हणजे वर थंड करून द्रव केलेल्या मालातला जास्त भाग कॉलममध्ये परत सोडता. का? कारण वरती जड माल यायला लागलाय. आता ग्राफवर या. वरची ऑपरेटिंग लाइन आहे तिचा स्लोप म्हणजे रिफ्लक्स रेशो (परत सोडलेला माल भागिले बाहेर काढलेला) भागिले रिफ्लक्स रेशो अधिक एक. रेशो १ असेल तर स्लोप ०.५, रेशो ३ केला तर ०.७५. लाइन कर्व्हपासून लांब सरकली, कर्णाकडे गेली. म्हणजे प्रत्येक पायरी मोठी झाली. तुमच्या कॉलममध्ये ट्रे तेवढेच आहेत, पण आता प्रत्येक ट्रे जास्त काम करतोय, म्हणून टॉप शुद्ध होतो आणि टेम्परेचर खाली येतं. बदल्यात स्टीम जास्त जळते, हे तुम्हाला मॅनेजर सांगतोच.

स्टार्टअपला प्रॉडक्ट न काढता सगळंच परत पाठवता ना, टोटल रिफ्लक्स? तेव्हा स्लोप १ होतो, लाइन म्हणजे कर्णच, पायऱ्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात कमी. उलट रिफ्लक्स एवढा कमी केला की लाइन कर्व्हला जाऊन टेकली, तर त्या कोपऱ्यात पायऱ्या संपतच नाहीत, हा झाला मिनिमम रिफ्लक्स. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी तुमची रोजची शिफ्ट चालते.

एक करा. शांत चाललेल्या एखाद्या शिफ्टचे टॉप, बॉटम, फीडचे आकडे आणि रिफ्लक्स, वरिष्ठांना विचारून टिपून घ्या, कंपनीचा कागद बाहेर नेऊ नका. तापमानावरून कॉम्पोझिशन काढा आणि त्या आकड्यांवर ग्राफ काढा. समजा तेरा पायऱ्या आल्या, त्यातली एक रीबॉयलरची (तळाशी उकळवणाऱ्या भांड्याची), उरल्या बारा, आणि तुमच्या कॉलममध्ये ट्रे आहेत अठरा. म्हणजे एफिशियन्सी झाली सदुसष्ट टक्के. वर्गातल्या पोरांना एफिशियन्सी म्हणजे पुस्तकातला एक फॉर्म्युला, तुम्हाला ती कुठे जाते ते माहितीये, कुठला ट्रे वाकडा आहे, कुठे वीपिंग होतं (ट्रेच्या भोकांतून द्रव गळतो). आणि हेही वर्गात हात वर करून सांगा की फ्लडिंग या ग्राफमध्ये दिसतच नाही. रीबॉयलरला स्टीम वाढवत गेलात की ग्राफप्रमाणे सगळं छानच दिसतं, प्रत्यक्षात डीपी (कॉलमच्या वरच्या आणि खालच्या दाबातला फरक) उडतो आणि शुद्धता कोसळते, कारण ग्राफ धरूनच चालतो की ट्रे नीट काम करतायत.

प्रश्न: आमच्याकडे लॅब नावालाच आहे, अर्धे सेटअप बंद. सिम्युलेटरवर शिकलं तर चालेल का? की वेळ वाया?

उत्तर: चालेल, पण एकट्या सिम्युलेटरवर नाही. डीडब्ल्यूसिम नावाचा सिम्युलेटर (प्लांट कॉम्प्युटरवर चालवून बघायचा प्रोग्रॅम) फुकट मिळतो, ओपन सोर्स आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो. त्यात पहिल्याच दिवशी एक खेळ कर. इथेनॉल आणि पाण्याचं डिस्टिलेशन लाव, थर्मोडायनॅमिक मॉडेल आयडियल निवड म्हणजे राउल्टचा नियम, जो मिश्रण आदर्श वागतं असं धरतो, भरपूर ट्रे दे, भरपूर रिफ्लक्स दे. तो तुला ९९ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल बिनदिक्कत काढून देईल. आता तेच एनआरटीएल मॉडेल लावून कर, जे मिश्रण आदर्श वागत नाही हे धरतं. वजनाने ९५.६ टक्क्यांच्या आसपास येऊन अडकेल, कितीही ट्रे दे, कारण तिथे अझिओट्रोप आहे, वाफेचं आणि द्रवाचं कॉम्पोझिशन एकच होतं. पहिल्या वेळी स्क्रीनवर काही लाल झालं नाही, एरर आला नाही, आकडा मात्र साफ खोटा. सिम्युलेटर तू जे गृहीत धरशील तेच पॉलिश करून परत देतो, म्हणून पाण्याला खरोखर हात लावणंही पाहिजे.

त्याला लॅब लागतेच असं नाही. सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली घे, तळाशी बाजूला एक स्वच्छ गोल भोक पाड, बाहेरून पट्टी चिकटव. भोकापासून वीस सेंटिमीटरपर्यंत पाणी भर. आता आधी भाकीत: वीसवरून पाचवर यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच पाचवरून शून्यावर यायला लागेल. पटत नाही ना, पंधरा सेंटिमीटरला आणि पाच सेंटिमीटरला सारखाच वेळ? पण वेळ जातो उंचीच्या वर्गमुळावर, आणि पाचचं वर्गमूळ विसाच्या वर्गमुळाच्या बरोबर निम्मं आहे. मोज स्टॉपवॉचने. पहिला टप्पा सुरेख जुळेल आणि शेवटी शेवटी गडबडेल, धार तुटून थेंब पडायला लागतील, कारण तिथे सरफेस टेन्शन आडवं येतं जे तुझ्या समीकरणात नव्हतंच. नुसत्या वेगाच्या सूत्रावरून काढलेल्या फ्लोपेक्षा खरा फ्लो बराच कमी भरेल, धारदार कडेच्या भोकाला साधारण ०.६ पट, कारण धार बाहेर पडल्यावर आकसते. तीच ऑरिफिस मीटरची (पाइपात भोकाची चकती बसवून फ्लो मोजायच्या साधनाची) गोष्ट आहे, जो तुमच्या लॅबमध्ये बंद पडला असेल. आणि बंद पडलेल्या सेटअपचं म्हणशील तर ते उघडायची परवानगी मागा, इन्स्ट्रक्टर समोर असताना. एखादा चोक झालेला रोटामीटर खोलून साफ करून परत बसवणं, माझ्या मते चालू सेटअपवरच्या पाच प्रॅक्टिकलच्या बरोबरीचं आहे.

प्रश्न: कंपनीत सहा आठवड्यांची ट्रेनिंग लागलीये. पहिला आठवडा गेला, कोणी कशालाच हात लावू देत नाही, फक्त सेफ्टीचा व्हिडिओ दाखवला आणि एका कोपऱ्यात बसवलं. उरलेले पाच आठवडे काय करू?

उत्तर: हात लावू देत नाहीत हे बरोबरच करतात रे, चालत्या प्लांटमध्ये ट्रेनीने व्हॉल्व्ह फिरवायचा नसतोच. पण पाय आहेत ना. लाइन ट्रेस कर. एक पंप निवड, त्याच्या सक्शनपासून (द्रव आत ओढायच्या बाजूपासून) उलटं टाकीपर्यंत जा, मग डिस्चार्जपासून पुढे चालत शेवटपर्यंत जा, वाटेत लागेल त्या सगळ्याचं चित्र काढ, आयसोलेशन व्हॉल्व्ह, एनआरव्ही (एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), स्ट्रेनर (गाळणी), प्रेशर गेज, बायपास, ड्रेन. मग कंट्रोल रूममधून त्याची पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा नकाशा) मागून घे आणि ताडून बघ. तुझ्या चित्रात नसलेलं काहीतरी त्यात सापडेल, ते कुठे आहे ते शोधायला परत जा. आणि कधी कधी उलटं होतं, प्लांटमध्ये आहे आणि कागदावर नाही, मग ते कोणी आणि का टाकलं हे विचारायला जा. या एका प्रश्नावर जुने ऑपरेटर तासभर बोलतात.

दुसरं, लॉगशीट. कोपऱ्यातच बसवलंय तर लॉगशीट मागून घे आणि एका युनिटचा मटेरियल बॅलन्स जुळव. किती आत गेलं, किती बाहेर आलं, टाकीची लेव्हल किती बदलली. जुळणार नाही. का जुळत नाही याची तीन कारणं लिहून काढ आणि मग ती घेऊन शिफ्ट इंजिनिअरकडे जा. "सर, मला काहीतरी शिकवा" म्हणत येणाऱ्याला तो चहाला पाठवतो, पण "सर, फीड मीटर आणि टाकीची लेव्हल यांच्यात रोज तेवढाच फरक येतोय" म्हणत येणाऱ्याला तो बसवून घेतो, कारण तो फरक त्यालाही छळत असतो.

कानांचाही उपयोग कर. पंपाजवळ उभं राहिल्यावर आत खडी फिरतेय असा आवाज आला की कॅव्हिटेशनचा (द्रवात वाफेचे फुगे होऊन फुटण्याचा) संशय घ्यायचा, मग सक्शनचं गेज बघायचं, स्ट्रेनर चोक आहे का विचारायचं, टाकीत लेव्हल किती आहे आणि द्रव किती गरम आहे ते बघायचं. एनपीएसएचचं (पंपाच्या तोंडाशी द्रव उकळू नये म्हणून लागणाऱ्या दाबाचं) समीकरण पुस्तकात चार टर्म्सचं असतं, त्या चारही तिथे जागेवर दाखवता येतात. परवानगी मिळाली तर एखादी रात्रपाळी कर, रात्री साहेब लोक नसतात आणि ऑपरेटर मोकळेपणाने सांगतात. शिफ्ट बदलताना हँडओव्हर ऐकायला तर रोज उभा राहा, तिथे दहा मिनिटांत कळतं की प्लांटला सध्या काय दुखतंय.

एवढं सगळं करूनही पाचव्या आठवड्यात वेळ उरला तर शटडाउन, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद, कधी आहे ते विचारून ठेव आणि तेव्हा दोन दिवस परत येऊ का असं आत्ताच विचार. उघडलेला हीट एक्स्चेंजर, ट्यूबमध्ये बसलेला तो जाड थर, हे चालत्या प्लांटमध्ये कधीच बघायला मिळत नाही.